डोंगर एक, नोंद अर्धी

म्हैसमाळचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंच, तर छत्रपती संभाजीनगर शहर साधारण ५७० मीटरवर. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंडावते. म्हणजे माथ्यावर शहरापेक्षा तीनेक अंश गारवा. हवामान तापत गेलं की गारव्याला सरावलेल्या वनस्पती उताराच्या खालच्या भागातून विरळ होतात आणि त्यांची रोपं वरच्या भागात तग धरतात. हिमालयात वर सरकायला हजारो मीटर उतार शिल्लक आहे. आपल्या सातमाळा-अजिंठा रांगेत माथा आला की जागा संपते.

असं सरकणं एका माणसाच्या आयुष्यात सहसा डोळ्यांना दिसत नाही. ते दिसतं जुन्या नोंदींतून. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८४९-५० मध्ये सिक्कीममध्ये कोणती वनस्पती किती उंचीवर आढळली, हे बारकाईने लिहून ठेवलं. दीडशेहून अधिक वर्षांनी भारतीय संशोधक त्याच दऱ्याखोऱ्यांत गेले. त्यांनी तपासलेल्या १२४ प्रदेशनिष्ठ जातींपैकी ८७ टक्के जातींचा पट्टा सरकलेला होता, बहुतेकींचा वरच्या दिशेने.

मात्र नोंद जितकी चोख, तितकाच निष्कर्ष चोख. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ मध्ये इक्वेडोरच्या चिंबोराझो पर्वतावर चढले आणि पुढे त्यांनी वनस्पतींच्या उंचीचा प्रसिद्ध तक्ता काढला. २०१२ मध्ये त्याच पर्वतावर फेरपाहणी झाली आणि वनस्पती पाचशे मीटरहून अधिक वर गेल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. मूळ कागद पुन्हा तपासल्यावर २०१९ मध्ये वेगळंच पुढे आलं: तक्त्यातल्या उंचावरच्या बऱ्याच नोंदी अंतिसाना या दुसऱ्याच पर्वतावरच्या होत्या. तिथे तुलना केली तेव्हा सरकण्याचा आकडा २१५ ते २६६ मीटर निघाला. वनस्पती वर गेल्या हे खरंच होतं. किती गेल्या, ते ठिकाणाच्या नोंदीवर ठरलं.

आता आपल्या डोंगराकडे या. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. खानदेश या इलाख्यात होता. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यात. गौताळ्याचं जंगल आज खानदेशातल्या चाळीसगाव आणि औरंगाबादकडच्या कन्नड अशा दोन्ही तालुक्यांत पसरलं आहे. त्याची चाळीसगावची बाजू कूक यांच्या कक्षेत आली, कन्नडची बाहेर राहिली. त्या ग्रंथात एखाद्या वनस्पतीची कन्नडची नोंद सापडत नाही, म्हणून ती तिथे नव्हती असं म्हणता येत नाही.

ही उणीव पुढे बऱ्याच अंशी भरून काढली प्रा. व्ही. एन. नाईक यांनी. त्यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये औरंगाबादेतूनच प्रसिद्ध झाला. या भागाला तुलनेसाठी हाती धरता येईल असा तो भक्कम पाया आहे.

नव्या जागी सापडलेली वनस्पती तिथे नव्याने आली, असं मानण्याची घाईही नको. शिवसुमन ही अतिदुर्मीळ वनस्पती एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी जुन्नर परिसरातून जगासमोर आणली. पुढे ती पुरंदरवर आणि साताऱ्याकडच्या डोंगरांवरही मिळाली. ती तिथे चालत गेली नव्हती. शोधणारे उशिरा पोहोचले. आपल्याकडे तापमानाखेरीज पावसाची ओढ, चराई, वणवे आणि घाणेरीसारख्या परक्या झुडपांचा फैलावही वनस्पतींच्या जागा बदलतो. म्हणून दोन काळांतल्या नोंदी ताडताना ही कारणं वेगळी काढावी लागतात.

वाळवून कागदावर चिकटवलेला प्रत्येक नमुना इथे साक्षीदार असतो. मुंबईतला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह, पुण्यातला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा संग्रह आणि संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातला संग्रह यांचं मोल त्यासाठीच. लेबलावर नुसतं ‘म्हैसमाळ’ असेल, तर उताराचा पायथा की पठार, हे शंभर वर्षांनी कोण सांगणार? तारीख, नेमकी जागा, उंची, फुलोरा आला होता का, आजूबाजूला काय होतं, एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. आज बहुतेकांच्या मोबाइलमध्ये जीपीएस आहे. वनस्पतिशास्त्राच्या सहलीला गौताळ्यात किंवा म्हैसमाळला जाणाऱ्या महाविद्यालयांनी दर पावसाळ्यात त्याच वाटा, त्याच उंचीवर मोजायचं ठरवलं आणि शोधूनही न सापडलेल्या जातीही लिहून ठेवल्या, तर कूक यांच्या काळात सुटलेली बाजू पुढच्या पिढीच्या हाती पूर्ण लागेल. हे काम इथल्याच माणसांचं आहे आणि ते याच पावसाळ्यांत व्हायला हवं.