सूर्य हसला, त्याची गोष्ट

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'नासा'ने प्रसिद्ध केलेल्या एका छायाचित्रात सूर्य चक्क हसताना दिसला! दोन काळे डोळे आणि खाली रुंद जिवणी. जगभर त्याचे कौतुक झाले.

हे डोळे आणि जिवणी म्हणजे सूर्याच्या प्रभामंडळातील विवरे. तिथला वायू विरळ आणि आसपासच्या मानाने थंड असतो. म्हणून अतिनील किरणांत तो भाग काळा दिसतो. साध्या प्रकाशात हा चेहरा दिसलाच नसता. या विवरांतून चुंबकीय रेषा अवकाशात मोकळ्या सुटतात आणि त्यांच्या वाटेने सौरवारा वेगाने बाहेर पडतो. तो पृथ्वीवर येऊन थडकला, की ध्रुवांकडचे आकाश उजळते. जोर अधिक असेल तर उपग्रहांनाही उपद्रव होतो.

अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. चित्रातले रंग शास्त्रज्ञांनी ओळखीसाठी भरलेले असतात. पुण्याच्या 'आयुका'ने घडवलेल्या, 'आदित्य एल-१' यानावरील 'सूट' दुर्बिणीने ११ गाळण्यांतून घेतलेली, डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चित्रेही अतिनील पट्ट्यातलीच. प्रत्येक गाळणी सूर्याचा वेगळा थर दाखवते.

तेव्हा घरातल्या मुलांनी निळा-हिरवा सूर्य दाखवला, तर त्यांना आधी एवढेच विचारावे : हा कोणत्या प्रकाशात टिपला आहे?