वाळूंतील सोनें

सोनाराच्या दुकानांतील केर विकत घेऊन तो धुणारा झारेकरी वडील मंडळींस ठाऊक असेलच. माती पाण्याबरोबर वाहून जाते व सोन्याचे कण तळाशीं राहतात. हीच युक्ति नदीच्या वाळूस लावून अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील कोलोमा येथें प्रवासी हौसेखातर सोनें धुतात.

येथेंच ता. २४ जानेवारी १८४८ रोजीं जेम्स मार्शल नांवाच्या सुतारास लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटांत सोन्याचे कण दिसले. बातमी पसरतांच सुमारें तीन लाख माणसें तिकडे धांवलीं.

नदीच्या वळणाच्या आंतल्या बाजूस व मोठ्या धोंड्यांमागें प्रवाह मंद होतो आणि जड कण तळीं बसतात. तेथील वाळू पसरट थाळींत घ्यावी, थाळी पाण्याखालीं धरून चांगली हालवावी, मातीचीं ढेंकळें चुरावीं व मोठे खडे धुऊन काढावे. मग थाळी किंचित् कलती करून फिरवावी, म्हणजे हलकी वाळू कांठावरून निघून जाते. शेवटीं काळी, लोहयुक्त वाळू उरते. तिच्यांत पिवळा कण चमकल्यास तो छायेंत न्यावा. अभ्रकाची चमक तेथें मावळते, सोनें मात्र पिवळेंच दिसतें.

असें कां घडतें? सोनें पाण्याच्या सुमारें १९ पट जड असतें, साधी वाळू अडीच पटींहून थोडीच अधिक. विद्यार्थ्यांनीं घरीं परातींत वाळू व लोखंडाचा कीस घेऊन हा प्रयोग अवश्य करावा.

कोलोमा येथील उद्यानांत नेमलेल्या जागींच व केवळ हात आणि थाळी यांनींच सोनें धुण्याची मोकळीक आहे. या नियमामागें कटु अनुभव आहे. पूर्वीच्या सोनेशोधकांनीं पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनीं डोंगर पाडिले. गाळानें नद्या भरल्या, शेतें बुडालीं, तेव्हां १८८४ सालीं न्यायालयानें तो गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली. सोनें धरण्यासाठीं वापरलेला विषारी पारा त्या प्रदेशांतील गाळांत अद्यापि सांपडतो. म्हणून थाळींत रुपेरी थेंब दिसल्यास त्यास हात लावूं नये. तेथील मूळ रहिवासी निसेनान लोक तर आपल्या भूमीस व पुष्कळसे प्राणांसहि मुकले.

आणि मार्शल? तो १८८५ सालीं दारिद्र्यांतच वारला. आजच्या हौशी प्रवाशास दिवसाअखेर चार बारीक कण मिळाले तरी तो संतुष्ट असतो. कारण त्यानें ते आपल्या श्रमानें मिळविलेले असतात, आणि त्यांपायीं दुसऱ्या कोणाचें कांहीं हिरावलेलें नसतें.