हुकमाचे पान राखून का ठेवतात?

एखाद्या देशाने वर्षानुवर्षे खपून, अफाट पैसा ओतून शत्रूच्या रडारला चकवणारे लढाऊ विमान तयार करावे आणि प्रत्यक्ष युद्ध चालू असताना मात्र ते मागे ठेवून जुनीच विमाने पुढे पाठवावीत, हे चमत्कारिक वाटते की नाही? पण असे घडले आहे. अमेरिकेचे एफ-२२ विमान डिसेंबर २००५ मध्ये हवाई दलाच्या सेवेत आले. तेव्हा इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकेची युद्धे चालू होती. तरीही त्याने पहिला प्रत्यक्ष हल्ला केला तो सप्टेंबर २०१४ मध्ये, सीरियात. युक्रेनच्या युद्धात रशियानेही आपले सु-५७ फार जपून वापरले. ते प्रामुख्याने आपल्याच हद्दीतून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडत राहिले.

अशा विमानांना ‘स्टेल्थ’ विमाने म्हणतात. ती मागे का ठेवतात, हे समजून घेण्यासाठी आपण पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात जाऊ. तिथे स्टेल्थ विमान नाही. पण या कोड्याची किल्ली तिथे उघड्या माळावर उभी आहे.

जाळीची तबकडी

नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी आहेत. उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर मांडल्या असून सगळ्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटर आहे. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतील कितीतरी मुले २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथले प्रदर्शन पाहायला जातात.

तबकडी जवळून पाहिली की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की हिला पत्रा का नाही? ती पोलादी तारांच्या जाळीची आहे आणि जाळीची भोके एक ते दोन सेंटीमीटरची आहेत. मग रेडिओ लहरी त्यांतून निसटून जात नाहीत का? नाही. ही दुर्बीण सुमारे २० सेंटीमीटरपासून २ मीटरपर्यंत लांबीच्या लहरी टिपते. एवढ्या लांब लहरींना बोटभर भोक जाणवतच नाही. जाळी त्यांना सलग आरशासारखीच असते. वारा मात्र जाळीतून निघून जातो, त्यामुळे तबकडी हलकी आणि स्वस्त करता आली.

यातला नियम लक्षात ठेवा. एखादी वस्तू लहरीला कशी ‘दिसेल’, हे वस्तूचा आकार आणि लहरीची लांबी यांच्या प्रमाणावर अवलंबून असते.

लपणे म्हणजे अदृश्य होणे नव्हे

रडार रेडिओ लहरी सोडते आणि विमानावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकते. स्टेल्थ विमानाचे पृष्ठभाग आणि कडा अशा कोनांत ठेवलेल्या असतात, की लहरी रडारकडे न परतता भलतीकडे फेकल्या जातात. उरलेल्यांपैकी काही लहरी विमानावरचा खास लेप शोषून घेतो. तरीही थोडा प्रतिध्वनी परत जातोच.

आता थोडे गणित करू. रडारचा पल्ला प्रतिध्वनीच्या प्रमाणाच्या चौथ्या मुळानुसार बदलतो. समजा, साधे विमान एका रडारला ३०० किलोमीटरवरून दिसते. स्टेल्थ विमानाने आपला प्रतिध्वनी दहा हजार पटींनी कमी केला, तर पल्ला किती पटींनी कमी होईल? दहा हजारांचे चौथे मूळ १०. म्हणजे ते विमान ३० किलोमीटरवर आल्यावर दिसेल. ते अदृश्य झाले नाही. फक्त फार उशिरा दिसले. युद्धात तेवढे पुरते.

पण ही करामत सर्व लहरींना सारखी लागू पडत नाही. क्षेपणास्त्रांना वाट दाखवणाऱ्या रडारच्या लहरी काही सेंटीमीटरच्या असतात आणि विमानाचा आकार प्रामुख्याने त्यांच्यासाठी घडवलेला असतो. लहर दोन मीटरची असेल, तर विमानाच्या शेपटीचे भाग किंवा पंखांची टोके तिच्याच मापाची होतात आणि कोनांची किमया पुष्कळशी फिकी पडते. मग सगळ्यांनी लांब लहरींचीच रडार का वापरू नयेत? कारण त्यांची नजर अंधूक असते. लहरीच्या लांबीला अँटेनाच्या रुंदीने भागले, की नजरेचा फैलाव साधारण कळतो. दोन मीटरची लहर आणि दहा मीटरची अँटेना घेतली, तर १०० किलोमीटरवर सुमारे २० किलोमीटरचा धूसर पट्टा मिळतो. ‘कोणीतरी आले आहे’ एवढे कळते. नेमके कुठे, ते कळत नाही.

थेंबे थेंबे तळे साचे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. खोडदला येणारे आकाशातील संकेत इतके क्षीण असतात, की ते उपकरणाच्या खरखरीत बुडून जातात. मग शास्त्रज्ञ काय करतात? ते पुन्हा पुन्हा निरीक्षण करतात आणि सगळ्या निरीक्षणांची बेरीज करतात. शंभर निरीक्षणे मिळवली, तर खरा संकेत शंभरपट होतो. खरखर मात्र कधी अधिक, कधी उणी असल्याने दहापटच वाढते. संकेत दहापट स्पष्ट होतो. जून २०२३ मध्ये विश्वात भरून राहिलेल्या गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचा पुरावा जाहीर झाला. तो अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून असाच गोळा झाला होता, आणि त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता.

हे वर्गात करून पाहता येईल. पिशवीत १०० चिंचोके घ्या आणि त्यांपैकी ६० चिंचोक्यांवर खडूची खूण करा. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता एक चिंचोका काढावा, नोंद करून परत टाकावा. असे दहा वेळा करावे. एकट्याच्या नोंदीवरून खुणेचे चिंचोके जास्त आहेत की नाहीत, हे सांगता येणार नाही. पण ४० विद्यार्थ्यांच्या ४०० नोंदींची बेरीज केली, की शंकेला जागा उरणार नाही.

युद्धात शत्रूही हेच करत असतो. स्टेल्थ विमानाचे प्रत्येक उड्डाण म्हणजे त्याच्या हाती पडलेला एक चिंचोका. कोणत्या लहरीला ते किंचित चमकले, कोणत्या बाजूने अधिक दिसले, त्याच्या स्वतःच्या रडारचा आवाज कसा आहे, या साऱ्याची नोंद होत जाते. एका उड्डाणाने फारसे बिघडत नाही; शंभर उड्डाणांनी बिघडते. म्हणूनच शांततेच्या काळात ही विमाने अनेकदा मुद्दाम छोटे परावर्तक लावून उडवतात, म्हणजे त्यांचा खरा, क्षीण प्रतिध्वनी कोणाला मोजता येत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो, पण दिसत नाही. मात्र तो रोज त्याच बांधावरून जाऊ लागला, तर पावलांच्या ठशांवरून त्याची वाट कळते आणि वनखात्याचा कॅमेरा नेमका तिथेच लागतो. अमेरिकेच्या एफ-११७ या पहिल्या स्टेल्थ लढाऊ विमानाचे असेच झाले. नोव्हेंबर १९८८ पर्यंत ते अस्तित्वात असल्याचेही अमेरिकेने मान्य केले नव्हते. १९९१ च्या आखाती युद्धात ते बिनधोक वावरले. पुढे २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात, बेलग्रेडच्या पश्चिमेला, ते जुन्या एस-१२५ क्षेपणास्त्राने पाडले गेले. पहिली चाहूल दिली होती ती पी-१८ नावाच्या जुनाट रडारने. त्याच्या लहरी सुमारे दोन मीटर लांबीच्या होत्या, म्हणजे खोडदची दुर्बीण ऐकते त्याच जातीच्या! विमान अगदी जवळ आल्यावर नेम धरणारे रडार थोडाच वेळ चालू करून क्षेपणास्त्र सोडण्यात आले. त्या विमानाचे अवशेष आज बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत. मागे ठेवण्याचे हे दुसरे कारण. नवे विमान शत्रूच्या हद्दीत पडले, की त्याचा लेप, सांधे आणि यंत्रे शत्रूच्या प्रयोगशाळेत पोहोचतात.

राखून ठेवण्याची किंमत

तुम्ही म्हणाल, मग कायमचेच झाकून ठेवावे! पण त्यालाही किंमत असते. दुसऱ्या महायुद्धातील गोष्ट पाहा. जर्मनीच्या एका महत्त्वाच्या रडारची लहर सुमारे ५३ सेंटीमीटरची होती. तिच्या निम्म्या, म्हणजे २७ सेंटीमीटर लांबीच्या चंदेरी पट्ट्या हवेत उधळल्या, की रडारचा पडदा खोट्या प्रतिध्वनींनी भरून जाई. ब्रिटिशांनी या युक्तीला ‘विंडो’ हे नाव दिले. ती १९४२ मध्येच तयार होती. पण जर्मन तिची नक्कल करून आपल्यावर उलटवतील, या भीतीने ती दडवून ठेवली गेली. गंमत अशी, की जर्मनांनाही हीच युक्ती सुचली होती आणि त्यांनीही ती याच भीतीने दडवली होती! दरम्यान ब्रिटिश वैमानिक मरतच होते. अखेर २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवरील हल्ल्यात पट्ट्या वापरल्या गेल्या. ७९१ विमानांपैकी फक्त १२ परतली नाहीत. पण त्या हल्ल्यांच्या मालिकेत शहरातील तीस हजारांहून अधिक माणसे मेली, हेही विसरता कामा नये.

आणि पुढे? काही महिन्यांतच जर्मनांनी आपल्या विमानांवर ३ मीटरहून लांब लहरींचे नवे रडार बसवले. २७ सेंटीमीटरच्या पट्ट्या त्याच्यापुढे निष्प्रभ ठरल्या. जुलै १९४४ मध्ये असे एक जर्मन विमान वाट चुकून इंग्लंडातच उतरले, ब्रिटिशांना त्याचे रडार तपासायला मिळाले आणि त्यांनी त्या लहरीला साजेशा लांब पट्ट्या वापरल्या. गुपित एकदा बाहेर पडले, की त्याचे आयुष्य कसे मोजके उरते, हे यावरून दिसेल.

तेव्हा सेनापतीपुढचा प्रश्न ‘हे विमान चांगले आहे का?’ असा नसतो. ‘हे काम दुसऱ्या कशाने होणार नाही का?’ असा असतो. ज्या शत्रूकडे बळकट हवाई संरक्षणच नाही, त्याच्यावर स्टेल्थ विमान पाठवणे म्हणजे गुपित उगाच खर्च करणे. शिवाय अशी विमाने थोडी असतात. एफ-२२ चे उत्पादन दोनशेच्या आतच थांबले. जून २०२५ मध्ये अमेरिकेने बी-२ ही स्टेल्थ बाँबफेकी विमाने इराणच्या जमिनीखालील अणुकेंद्रांवर पाठवली. कारण तिथे लागणारा अवजड बाँब वाहून नेण्यासाठी दुसरे सज्ज विमान तिच्याकडे नव्हते.

भारतातही अशा विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये सरकारची मंजुरी मिळाली आहे. उद्या ते आकाशात झेपावले आणि एखाद्या संकटात ते कुठे दिसले नाही, तर ‘मग केले कशाला?’ असे विचारण्याआधी पिशवीतले चिंचोके आठवा.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. प्रतिध्वनी सोळा पटींनी कमी केला, तर ३०० किलोमीटरचा पल्ला किती होईल? आणि तो पुन्हा निम्म्यावर आणायचा, तर प्रतिध्वनी आणखी किती पटींनी कमी करावा लागेल? उत्तर काढलेत, की स्टेल्थ विमान इतके महाग का, याचेही उत्तर तुम्हांला आपोआप मिळेल.