गिटारींच्या गर्दीतली बासरी

प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या बासरीचा विषय निघाला की एका पायावर उभा राहून वाजवणारा, विस्कटलेल्या केसांचा, जेथ्रो टल या बँडचा इयन अँडरसन डोळ्यांसमोर येतो, आणि बोलणं तिथेच संपतं. आमच्याच पिढीतले काही लिहिते रसिक अजूनही ‘जेथ्रो टल म्हणजेच बासरी’ हे पालुपद सोडायला तयार नाहीत. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे. तो आज पुन्हा मांडतो.

आधी अँडरसनचं श्रेय त्याच्या पदरात घालू. १९६७ मध्ये त्याने गिटार देऊन टाकली आणि बासरी घेतली. शिक्षण काही नाही, गुरू नाही. रोलंड कर्क या अमेरिकन जॅझ वादकाची फुंकेत गळा मिसळण्याची रीत त्याने उचलली. कर्कची ‘सेरेनेड टू अ कुकू’ ही रचना टलच्या पहिल्याच अल्बमवर, १९६८ च्या ‘धिस वॉज’वर आहे. या रीतीमागे वाद्याचीही अडचण होती. आपल्या बांबूच्या बासरीत बोट थेट छिद्रावर असतं, म्हणून मींड सहज निघते. बोएमने १८४७ मध्ये घडवलेल्या धातूच्या बासरीत बोट आणि छिद्र यांच्यामध्ये चाव्या येतात. मग स्वर मळवायचा कसा? अँडरसनने तो गुरगुरून, थुंकल्यासारखा फेकून, श्वासाचा खरखरीतपणा माइकपुढे उघडा ठेवून मळवला. पुढच्या वर्षीच्या ‘स्टँड अप’मध्ये त्याने बाखची बूरे घेतली आणि ती जॅझच्या चालीवर डोलवली. तो अल्बम आमच्या घरी आला तेव्हा कव्हर उघडताच आतून बँडमधल्या चौघांची कागदी चित्रं ताठ उभी राहिली होती. माझा मावसभाऊ बोटीवर होता, त्याने आणलेला. पुढे एकाने तो ‘दोन दिवसांसाठी’ नेला, तो गेलाच.

पण अँडरसन पहिला नव्हता. मूडी ब्लूजच्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’वरचा रे थॉमस १९६७ चा, म्हणजे ‘धिस वॉज’च्या सुमारे वर्षभर आधीचा. ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’च्या मधोमध त्याची बासरी येते ती कुणाला काही दाखवायला नाही. गाण्यात जे बोलायचं राहून गेलं, तेवढंच ती बोलते. पुढच्या वर्षीच्या ‘लेजेंड ऑफ अ माइंड’मध्ये तिला लांबलचक मोकळं रान मिळालं. तारखा ज्यांना पाहायच्या नाहीत, त्यांनी निदान कान तरी वापरावेत.

आता माझ्या माणसाकडे येतो. किंग क्रिमसनचा इयन मॅकडॉनल्ड. हा फौजेच्या बँडमध्ये तयार झालेला, त्यामुळे हात शिस्तीचा आणि सूर स्वच्छ. ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्याचं पहिलं गाणं ऐकताना कानावर घण पडतात. ते फुटून, किंचाळून संपतं आणि त्याच क्षणी ‘आय टॉक टू द विंड’ सुरू होतं. वादळात खिडक्या आपटत असाव्यात आणि कुणीतरी येऊन एकेक खिडकी हळूच लावून घ्यावी, तसं. ग्रेग लेकचा आवाज, मायकल जाइल्सचे हलके ड्रम, फ्रिपची अंग चोरून बसलेली गिटार, आणि शेवटी शब्द थांबल्यावर बासरीचा लांब आलाप. आलाप हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. त्यात सुरांची घाई नाही. एक वाक्य पूर्ण होतं, श्वास घेतला जातो, तो ऐकू येतो, आणि मग पुढचं वाक्य येतं.

माझे वडील बासरीवादक पन्नालाल घोष यांचे भक्त होते. माझ्या खोलीतून येणारं विलायती संगीत त्यांना सोसत नसे. हा शेवट चालू असताना ते दारात येऊन उभे राहिले आणि वाजवणारा कोण म्हणून विचारलं. तबकडीवरून सुई उचलेपर्यंत ते हलले नाहीत. त्यांनी मान्य केलेलं माझं ते एकमेव रॉक.

त्याच अल्बमच्या शीर्षकगीतात मेलोट्रॉन या कळवाद्याच्या ढगांखालून मॅकडॉनल्डची बासरी पुन्हा येते, थोडीशीच. वर्ष संपायच्या आत त्याने बँड सोडला आणि पुढे ‘फॉरेनर’ उभारण्यात त्याचा हात होता. क्रिमसनमध्ये मेल कॉलिन्स आला. चांगला वादक, पण सॅक्सोफोन हे त्याचं खरं घर.

जेनेसिसचा पीटर गेब्रिएल तयारीचा वादक नव्हता. तरीही १९७३ च्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’मध्ये पियानोच्या सोबतीने तो जी धून वाजवतो, तीच पुढे स्टीव्ह हॅकेटची गिटार आभाळाएवढी करून घेते. लोक गिटारवर जीव टाकतात. मला ती बासरीवर, अजून लहान असताना, जास्त आवडते.

बाकीच्यांचा उल्लेख करून पुढे जातो. ट्रॅफिकचा ख्रिस वूड, व्हॅन डर ग्राफचा डेव्हिड जॅक्सन, कॅरव्हॅनच्या तबकड्यांवर पाहुणा म्हणून येणारा जिमी हेस्टिंग्ज, हॉलंडच्या फोकसमधला थाइस व्हान लेअर, इटलीत पीएफएमचा माउरो पगानी. जर्मनीत तर क्राफ्टवर्कचा फ्लोरियन श्नायडर १९७० मध्ये बासरीच वाजवत होता. पुढे यंत्रांचे संगीतकार म्हणून जगाने त्यांना ओळखलं.

मेलोट्रॉनबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, जेमतेम आठ सेकंदांचा. १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’च्या आरंभी ऐकू येते ती याच यंत्रातली बासरी. तो आवाज सुंदर आहे, पण त्यामागच्या माणसाने श्वास एकदाच घेतला होता, रेकॉर्डिंगच्या दिवशी. आज तर तेवढाही आधार उरलेला नाही. कळफलकाची पट्टी दाबली की हवी तितकी लांब बासरी निघते, कधी न दमणारी. नव्या मंडळींचे अल्बम मी आवर्जून ऐकतो. बोटं विलक्षण तयार आहेत, रचना बांधीव आहेत. पण त्यांतल्या बऱ्याच जणांकडे फुंकणारा माणूसच नसतो. मंचावर धातूची बासरी घेऊन उभं राहणाऱ्याला सुरांच्या मध्ये थांबावंच लागतं, आणि त्या थांबण्यात बाकीच्यांनाही गप्प व्हावं लागतं. दोन गिटारी, ऑर्गन, ड्रम यांच्या गदारोळाला गप्प बसायला बासरीने शिकवलं. ते आता विसरलं जात आहे.

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे तबकड्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. तिथे उभ्याउभ्या ऐकलेलं बरंच काही या लेखात आहे. मॅकडॉनल्ड २०२२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये वारला. ज्यांच्या माळ्यावर क्रिमसनची ती पहिली तबकडी अजून असेल, त्यांनी ती रद्दीवाल्याला देऊ नये. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं लावावं आणि शब्द संपल्यावर सुई उचलू नये.