जिप्सीची पावसाळी रजा

‘नजरगहाण मालमत्तेची पाहणी’ हे शब्द वाचले की बँकेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर गोदामे येतात, यंत्रसामग्री येते, फार तर दुभती जनावरे येतात. चंद्रपूर जिल्ह्यातील शाखेत बदली होऊन आल्यावर माझ्या वाट्याला आलेली पहिली पाहणी मात्र वेगळी होती. जुलैचा दुसरा आठवडा, संततधार पाऊस, मोहर्लीच्या वाटेवरच्या एका गावातले ताडपत्रीचे छप्पर आणि त्याखाली चार लाकडी ठोकळ्यांवर उभी असलेली, चाके काढलेली एक हिरवी जिप्सी. बँकेचे तारण ते हेच! शेजारी तिचे मालक, म्हणजे आमचे खातेदार, छत्री धरून उभे होते आणि गाडीखालून मिस्त्रींचे फक्त पाय दिसत होते.

ताडोबाच्या जंगलाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असते. वाघांना निवांतपणा मिळतो, वाटा चिखलात बुडतात आणि सफारीच्या गाड्यांना रजा मिळते. ही रजा म्हणजे विश्रांती असा माझा शहरी समज होता. प्रत्यक्षात ज्या तीन महिन्यांत गाडी बहुतेक काही कमावत नाही, त्याच तीन महिन्यांत ती सर्वांत जास्त खाते. नऊ महिन्यांच्या धुळीचा, खड्ड्यांचा आणि उन्हाचा हिशेब या दिवसांत चुकता करावा लागतो.

मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस भारतीय बाजारात आली, ती ९७० सी. सी.चे लहानसे इंजिन घेऊन. १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले आणि २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंधन-अंतःक्षेपणाची पद्धत आली. बाकी मूळ घडण मात्र फारशी बदलली नाही. मजबूत शिडीसारखी चौकट, पुढेमागे अखंड आस, चारही चाकांवर कमानपाटे आणि हलके अंग. लष्कराने तिला आपलेसे केले, पोलिसांनी केले, आणि छप्पर काढता येते व पेट्रोल इंजिनाचा आवाज कमी, या दोन गुणांवर जंगल पर्यटनानेही केले. २०१८-१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. २०२३ मध्ये तिच्याच कुळातली जिम्नी आपल्याकडे विक्रीस आली खरी. पण तिच्या डोक्यावर पक्के छप्पर आहे. म्हणून आजही जंगलाच्या दारात जुन्या जिप्सीला मान आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला यातले कोडे चटकन दिसते. दरसाल ३० टक्के दराने घसारा धरला, तर दहा वर्षांनी शंभर रुपयांच्या गाडीचे हिशेबवहीत तीन रुपयेही उरत नाहीत. बाजारात मात्र चांगली राखलेली जिप्सी विकत घ्यायला निघालेल्या माणसाला घाम फुटतो. वहीतील किंमत आणि बाजारातील किंमत यांच्यामधली ही जी दरी आहे, ती मिस्त्रींच्या हातांनी भरून काढलेली असते.

आमच्या खातेदारांनी दुरुस्तीसाठी १,४०,००० रुपयांच्या कर्जाचा अर्ज केला होता. सोबतचे अंदाजपत्रक मी वाचले तेव्हा त्यात दुरुस्ती शोधावी लागत होती. रुंद टायर, मिश्रधातूच्या रिम, पुढचा भक्कम बंपर, जादा दिवे, नवा रंग आणि शेवटी एक ‘स्टिअरिंग डँपर’. रिसॉर्टवाल्यांची नजर गाडीच्या रूपावर असते, असे त्यांचे म्हणणे. ते अगदी चूक होते असेही नाही. महाविद्यालयात शिकलेली महसुली खर्च आणि भांडवली खर्च ही जुनी विभागणी मला तिथे आठवली. वस्तू आहे त्या स्थितीत चालती ठेवण्यासाठी जो होतो तो महसुली खर्च. तिची कमाईची शक्ती वाढवतो तो भांडवली. टायर-बंपर दुसऱ्या खान्यात घालायला ते तयार होते. पहिला खाना मात्र कोराच होता.

“डँपर कशासाठी?” मी विचारले. खातेदार गप्प राहिले. उत्तर गाडीखालून आले. “मॅडम, टायर साऱ्यायले दिसते. किंगपिन कोनाले दिसते?”

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. मे महिन्यात चंद्रपूर स्थानकावरून पर्यटकांना घेऊन येताना, ताशी पन्नास-साठच्या वेगात, एका पुलाजवळच्या खड्ड्यावरून गाडी गेली आणि पुढची दोन्ही चाके एकाएकी थरथरू लागली. स्टिअरिंग हातात ठरेना. गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमावर उतरून थांबली. गाडीत दोन लहान मुले होती. कोणालाही खरचटलेसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून ते त्या पुलावरून ताशी तीसच्या वर जात नव्हते. ही थरथर थोपवायला कोणीतरी डँपर सुचवला होता.

डँपर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला छोटा शॉक ॲब्सॉर्बर. तो थरथर गिळतो, पण थरथरीचे कारण तसेच राहते. जिप्सीच्या पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांना गोल बोंडे असतात आणि त्यांवर चाकाचा सांधा वळतो. या सांध्याला वर एक आणि खाली एक अशा किंगपिनच्या बेअरिंग असतात. दोन्ही बाजू मिळून चार. बोंडाभोवती रबर आणि नमद्याचे सील असते. ते फाटले की नाल्याचे पाणी आणि वाटेची धूळ आत शिरते, ग्रीसचा चिखल होतो, बेअरिंगच्या कड्यांवर खळगे पडतात आणि सांधा ढिला होतो. ढिल्या सांध्याला खड्ड्याने एक धक्का दिला की चाके आपापल्या मर्जीने डोलू लागतात.

दोष नेमका कुठे आहे हे मिस्त्रींनी मला दाखवले, ते येथे मुद्दाम लिहिते, कारण जुनी जिप्सी बाळगणाऱ्या कोणालाही ते करून पाहता येईल. जॅक लावून पुढचे चाक जमिनीपासून उचलायचे, वरून आणि खालून धरून हलवायचे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचे आणि पुन्हा हलवायचे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनचा. माझ्यासाठी त्यांनी उजव्या बाजूला चाक परत चढवले. खातेदारांनी ब्रेक दाबला, मी चाक हलवले. ते हलले.

नव्या बेअरिंग बसवतानाची रीत तर आणखी लक्षात राहण्यासारखी. झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या कमीजास्त करून सांधा किती आवळायचा ते ठरते, आणि ते मोजायला मिस्त्रींनी काढला तो आठवडी बाजारातला स्प्रिंगचा ताणकाटा! सांध्याच्या टोकाला काटा अडकवायचा, हळूच ओढायचे आणि सांधा वळू लागेल त्या क्षणी काट्यावरचा आकडा वाचायचा. सैल राहिला तर थरथर परत येते, जास्त आवळला तर स्टिअरिंग जड होऊन बेअरिंग अकाली जाते. मला हा सारा खटाटोप बराचसा कर्जमंजुरीसारखा वाटला, पण ते असो.

या सांध्यावर रुंद टायर चढवले असते तर काय झाले असते, हेही तिथेच समजले. जड आणि रुंद चाक ढिल्या सांध्याला अधिक जोराने हलवते. टायरचा घेर वाढला की क्लचवर ताण येतो, वेगदर्शक खऱ्याहून कमी वेग दाखवतो, आणि त्या जिप्सीला पॉवर स्टिअरिंग नसल्याने चालकाचे खांदे सायंकाळपर्यंत भरून येतात. डँपर, रुंद टायर आणि बिघडलेले किंगपिन यांची युती झाली असती तर गाडी देखणी दिसली असती, पुढचा इशारा मात्र फार उशिरा मिळाला असता. चारही बेअरिंग, सील आणि मजुरी यांचा मिळून खर्च त्या रिमच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता. पहिले अंदाजपत्रक बाजूला ठेवून आम्ही तिथेच, एका खोक्यावर कागद ठेवून, दुसरे लिहायला घेतले.

त्यात किंगपिन पहिले. मग ब्रेकच्या रबरी नळ्या. त्यानंतर ट्रान्स्फर केसचे रबरी आधार. जिप्सीत ही पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी, स्वतःच्या आधारांवर टांगलेली असते आणि हे रबर चिरले की सारी गाडी गुरगुरते. मग पाट्यांचे बुश. आठ माणसांच्या ओझ्याने मागच्या पाट्याचा मधला बोल्ट तुटला तर आस जागचा सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, म्हणून नवे बोल्ट घालून काही दिवसांनी पकडी पुन्हा आवळायच्या. सुटे भाग मिळतील का, ही माझी शंका मिस्त्रींनी हसण्यावारी नेली. १.३ लिटरचे हे इंजिन एस्टीम आणि सुरुवातीच्या पेट्रोल स्विफ्टच्या इंजिनांचे भावंड असल्याने बरेच काही जुळते.

तापमानाचा प्रश्न मात्र वेगळा. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना सहज शिवतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता वाढल्याने गाड्यांना उसंत नसते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खेडोपाडी रूढ युक्ती या गाडीवरही झालेली होती. त्याने उन्हाळ्यात फारसे साधत नाही आणि हिवाळ्यातल्या पहाटे इंजिन वेळेवर गरम न झाल्याने पेट्रोल मात्र जास्त जाते. खरा दोष रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्यांत होता. तो साफ झाला, थर्मोस्टॅट परत आला आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट आले.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला हिशेबी म्हणवत असूनही सुचली नव्हती. सफारीची एक फेरी चार तासांची, पण अंतर जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. गाडी रांगत चालते, थांबते, इंजिन मात्र बराच काळ फिरत राहते. तेव्हा तेल किती किलोमीटरला बदलायचे हे पुस्तकातले कोष्टक येथे फसवे ठरते. मिस्त्रींचा सल्ला सरळ होता. अंतर विसरा, फेऱ्या मोजा. एअर फिल्टर रोज संध्याकाळी झटका. इंजिन सुरू झाल्याचे आणि बंद केल्याचे तास लिहायला मी एक साधी शंभर पानी वही सुचवली. कर्जाच्या अटींत ती नव्हती, आणि तशी अट घालण्याचा मला अधिकारही नव्हता.

राहिला कायद्याचा मुद्दा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तिकेतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी आणि नोंद हवी. तारण बँकेकडे असेल तर बँकेलाही कळवायला हवे. शिवाय व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. अशा वाहनावर मनाजोगता बंपर बसवणे म्हणजे तपासणीच्या दिवशी तो उतरवण्याची मजुरीही आजच मान्य करणे. विम्याचा दावा करताना अडचण येऊ शकते ती निराळीच. बंपर यादीतून गेला. मागच्या उंच बाकांच्या नव्या गाद्या आणि हाताला धरायचे दांडे मात्र मी आनंदाने भांडवली खान्यात लिहिले.

कर्ज मूळ मागणीच्या निम्म्याहून थोड्या अधिक रकमेचे झाले. हप्ते ऑक्टोबर ते जून असे बसवले. जंगल बंद असताना हप्ता मागणे म्हणजे थकबाकीला आवतण देणे, हे वरिष्ठांना पटवायला एक पत्र आणि दोन फोन लागले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पाहणीला गेले. परतताना खातेदारांनी चंद्रपूरपर्यंत सोडण्याचा आग्रह धरला. वाटेत तो पूल आला. खड्डा बुजवलेला नव्हता. काटा पंचावन्नवर होता आणि त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. चाक खड्ड्यात गेले, पाटे एकदा कुरकुरले आणि गाडी सरळ पुढे निघून गेली. पूल ओलांडल्यावर त्यांनी एक हात सोडला आणि समोरच्या कप्प्यातून वही काढून माझ्याकडे दिली. पहिल्या चार दिवसांच्या फेऱ्या आणि तास पेन्सिलीने लिहिलेले होते. वहीच्या शेवटच्या पानात रुंद टायरांचे ते जुने अंदाजपत्रक नीट घडी करून ठेवलेले होते.