इंजिन मिसिंग करतंय? आधी रोटर खोलू नका

अमेरिकेत स्वतःचं विमान स्वतः बांधणारे काही हौशी लोक त्याला माझ्दा मोटारीचं १३बी रोटरी इंजिन बसवतात. दोन रोटर, मिळून १,३०८ घनसेंटिमीटर क्षमता. त्याला ना खालीवर धावणारे पिस्टन, ना व्हॉल्व्ह. इंधन किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. असं इंजिन झटके देऊ लागलं की संशय दोघांवरच जातो: रोटरच्या टोकावरची अपेक्स सील तुटली असणार, नाहीतर संगणक बिघडला असणार. त्या संशयापायी चांगली इंजिनं विनाकारण खोलली जातात आणि खरा दोष वायरिंगमध्ये किंवा इंधनाच्या नळीत तसाच राहतो.

पहिल्या महायुद्धातल्या नोम आणि ल रोन इंजिनांनाही रोटरीच म्हणत. त्यांत क्रँकशाफ्ट स्थिर असे आणि सगळे सिलिंडर प्रोपेलरबरोबर गरगर फिरत. इथे विषय फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आलेल्या, त्रिकोणी रोटरच्या इंजिनाचा आहे. त्या जुन्या इंजिनांचे गुणदोष याला चिकटवण्यात अर्थ नाही.

अपेक्स सील तुटते, हे खरंच आहे. पण तिच्या तुटण्याची लक्षणं ठरलेली असतात. रोटरला तीन टोकं आणि प्रत्येक टोकावर एक सील. एक गेली की तिच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांचं कॉम्प्रेशन उतरतं. इंजिन हळू फिरताना गळतीला वेळ जास्त मिळतो. म्हणून गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला त्रास देतं, आयडलला लंगडतं आणि वेग वाढला की बरंचसं सावरतं. आयडलला छान चालणारं इंजिन थ्रॉटल उघडल्यावर झटके देत असेल, तर सीलवर संशय घ्यायचं कारणच नाही. तरी खात्री हवी असेल, तर साधा कॉम्प्रेशन गेज फसवतो. त्याचा व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो आणि तीन कप्प्यांपैकी सगळ्यात चांगल्या कप्प्याचाच आकडा दाखवतो. तो व्हॉल्व्ह मोकळा ठेवून सुईकडे बघायचं. तिच्या तिन्ही उड्या सारख्या हव्यात.

प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, म्हणून इग्निशनकडे बघायची गरज नाही, असंही म्हटलं जातं. पण हे दोन प्लग एकमेकांची नक्कल नाहीत. लीडिंग प्लग मुख्य काम करतो, ट्रेलिंग ज्वलन पूर्ण व्हायला मदत करतो. ट्रेलिंग बंद केला तर आरपीएम थोडेच उतरतात, लीडिंग बंद केला तर स्पष्ट उतरतात. पिस्टन इंजिनाच्या मॅग्नेटो तपासणीत दोन्ही बाजूंना साधारण सारखी घट अपेक्षित असते. ती सवय इथे दिशाभूल करते. घट किती, यापेक्षा प्लगच्या एका संचावर इंजिन सुरळीत चालतं का, हे बघावं. शिवाय इथे प्लगला शाफ्टच्या प्रत्येक फेरीला ठिणगी टाकावी लागते, म्हणजे त्याच आरपीएमवरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या दुप्पट. थंड मिश्रण आत येतं तेही प्लगपासून दूर, दुसऱ्या बाजूला. त्यात विमानाचं १०० एलएल पेट्रोल वापरलं, तर त्यातलं शिसं प्लगवर बसतं.

हेच शिसं धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सरही मारतं. आणि सेन्सर शाबूत असला तरी एक सापळा उरतोच, मला तो सगळ्यात वाईट वाटतो. ठिणगी चुकली की न जळलेलं इंधन आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो आणि मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, आहे म्हणून सांगतो. माणूस विश्वासाने इंधन वाढवतो, प्लग आणखी ओले होतात, मिसिंग वाढतं. अशा वेळी दोन्ही रोटरचं एक्झॉस्ट तापमान वेगवेगळं बघावं. एकाच प्लगची ठिणगी गेली असेल तर ज्वलन लांबतं आणि त्या रोटरचं तापमान चढतं.

आता संगणक. ईसीयूला इंजिन दिसत नाही. शाफ्टचा सेन्सर, मॅनिफोल्डचा दाब, हवेचं तापमान जे सांगतील तेच त्याला खरं वाटतं. विमानात दोन ईसीयू असतील आणि दुसऱ्यावर गेल्यावर झटके थांबले, तर दोष पहिल्याच्या बाजूला आहे. झटके तसेच राहिले म्हणून दोन्ही ईसीयू खराब ठरत नाहीत. दोघांना सामाईक असलेल्या गोष्टी तपासायच्या: शाफ्टचा सेन्सर, अर्थिंग, कॉइल, इंधनाचा दाब, बॅटरीचा व्होल्टेज. व्होल्टेज उतरला की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि कॉइलही दुबळी पडते.

झटके नेमके कधी येतात, याची नोंद यासाठीच हवी. ठरावीक मॅनिफोल्ड दाबालाच येत असतील, तर इंधनाच्या मॅपमधला तेवढा आकडा चुकला आहे. रेडिओ किंवा अल्टरनेटर चालू केल्यावर येत असतील, तर सेन्सरच्या वायरमध्ये विजेचा गोंगाट शिरतो आहे. उन्हात उभं राहिल्यावर येत असतील, तर पंपाच्या आधीच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आहे. आणि एक खूण १३बीची खास: बऱ्याच १३बी इंजिनांत प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर असतात. कमी ताकदीला एक पुरतो, दुसरा मागणी वाढल्यावर उघडतो. या दुसऱ्यात कचरा अडकला, तर त्याची पाळी येईपर्यंत इंजिन निर्दोष वाटतं. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

ठिणगी आणि इंधन हे स्वतंत्र, अवघड काम आहे. निशांत या मानवरहित विमानासाठी भारतात ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन घडवलं गेलं, तेव्हा गाभा बंगळूरच्या एनएएल या संशोधन संस्थेने केला. इग्निशन आणि इंधनप्रणाली मात्र अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) व्हीआरडीई या संस्थेने. मार्च २००९ मध्ये कोलारजवळ ते इंजिन घेऊन निशांत उडालं.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. रोटरी सहसा एकदम जाम होत नाही, म्हणून झटके खात घरच्या धावपट्टीपर्यंत जाता येईल, असं काहींना वाटतं. पण इंधन किंवा वीज तुटली, तर धडधाकट रोटरही ताकद देत नाही. हवेत शोधाशोध करायची नाही. दुसरा पंप चालू करायचा, दुसऱ्या ईसीयूवर जायचं आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. उतरल्यावर प्लग काढायला घेण्याआधी ईसीयूतली नोंद उतरवून घ्यायची.