कडुनिंबाचा काढा, चांदीचे कण

भिलाई पावर हाउस स्टेशनच्या बाजारात कडुनिंबाच्या डहाळ्या दिसल्या, की मला आईची बादली आठवते. बाबा पोलाद कारखान्यात होते. जड बूट, दिवसभराचा घाम. पावसाळ्यात पायांना चिखल्या ठरलेल्याच. आई कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात त्यांना पाय बुडवायला लावायची. त्याच पाल्याने चांदीचे कण बनवून ते बुरशीवर आजमावण्याचं काम जवळच्या एका महाविद्यालयात चाललंय म्हणून पाहायला गेलो.

संशोधन करणाऱ्या मुलीने पानं धुऊन बारीक चिरली. २० ग्रॅम पाला, १०० मिली ऊर्ध्वपातित पाणी, पाच मिनिटं उकळी. नळाचं पाणी का नाही, ते तिने करूनच दाखवलं. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकताच ते दुधाळ झालं. पाण्यातलं क्लोराइड चांदीला धरून बसतं.

मग सिल्व्हर नायट्रेटच्या ४५ मिली द्रावणात ५ मिली गाळलेला काढा. लिटरभर द्रावणाला सिल्व्हर नायट्रेट लागतं अवघं ०.१७ ग्रॅम. फिकट पिवळा रंग हळूहळू गडद होत दुपारपर्यंत तपकिरी झाला. पलीकडच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये कोक खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. इथे पानातली द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि चांदीचे कण तयार होतात. दोन्हींना रसायनशास्त्रात शब्द एकच: क्षपण. कण मात्र इतके लहान, की त्यांचं माप नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात.

ही वाट मराठी मुलखातून आलेली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या काढ्यातून असे कण बनवले. तो निबंध २००४ चा. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने ते बुरशीकडूनच बनवून घेतले आणि २००९ साली दाखवलं, की त्यांच्या जोडीने फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध कँडिडा अल्बिकन्स या बुरशीवर अधिक परिणाम करतं. आज टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला न जुमानणारं गजकर्ण देशात पसरलंय, स्टेरॉइड मिसळलेली मलमं दुखणं चिघळवतायत. अशा वेळी या कामाचं मोल मला फार वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने कँडिडा वाढवलेली प्लेट उजेडात धरली. चिखल्यांची बुरशी सावकाश वाढते, तिच्या प्लेट अजून कोऱ्या होत्या. इथे मात्र दुधी साय पसरलेली. नुसत्या काढ्याच्या खळग्याभोवती ती तशीच. नॅनोकणांभोवती स्वच्छ कडं. आणि नुसत्या सिल्व्हर नायट्रेटभोवतीही कडं!

माझा चेहरा पडला. ती शांतपणे पट्टी लावून मोजत होती. "चांदी बुरशीला मारते हे जुनंच आहे, काका. कण जास्त काय करतात आणि कातडीला किती सोसतात, ते अजून बघायचंय. तोवर हे औषध नाही."

नायट्रेटचा आकडा वगळला असता तर कणांचं कौतुक सोपं होतं. तिने वहीत तोच आधी लिहिला.